कुत्र्याच्या तोंडातल्या चामखिळी: औषध द्यायचं की वाट बघायची?

मोतीची आई, नेरुळ
आमचा मोती 11 महिन्यांचा. महिन्यापूर्वी खालच्या ओठावर एक दाणा दिसला, आता ओठ उलटला की फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे 14. डॉक्टर म्हणाले, पॅपिलोमा विषाणू आहे, लहान कुत्र्यांना होतो. प्रतिकारशक्ती आली की 1 ते 5 महिन्यांत आपोआप गळतात. औषध दिलं नाही. मला पटलं. सासूबाई मात्र बांधायला घोड्याच्या शेपटीचा केस शोधताहेत!

घोडबंदरकर
'काही करू नका' हे सांगायला फी? आमच्या लॅब्राडोरला 10 दिवस ॲझिथ्रोमायसिन दिलं, पंधरवड्यात तोंड साफ. मुक्या जिवाला उगाच का सोसायला लावता?

शंकेखोर
दादा, ते जिवाणूंवरचं औषध, आजार विषाणूचा. तुर्कस्तानातल्या 2008 च्या चाचणीत गुण आला होता हे खरं, पण कुत्री होती 17. तुमच्या लॅब्राडोरच्या गळायलाच आल्या नव्हत्या कशावरून?

घोडबंदरकर
17 तरी होती. तुमच्याकडे किती?

येऊरवाली
आम्ही होमिओपॅथीचं थुजा दिलं. 2 महिन्यांत गेल्या.

शंकेखोर
ताई, 2 महिन्यांत तशाही गेल्या असत्या.

वसंत विहार, ठाणे
थांबा, पण मोकळं सोडू नका हो. माणसाला किंवा मांजराला होत नाही, कुत्र्याकुत्र्यांत मात्र चेंडू, पाण्याची वाटी यांतूनही पसरतं. आमच्या गेटवर भटक्यांसाठी पाण्याचं एकच घमेलं आहे. लागण झाल्यावर दिसायलाच महिना-दोन महिने जातात, तोवर कोणाकडून कोणाला, कसं कळणार?

राणीचा बाबा, वाशी
वय बघा आधी. आमची राणी 9 वर्षांची. पोटावरचा फोड चामखीळच म्हणून आम्ही 4 महिने काढले. शेवटी परळच्या बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात नेली, सुई घालून तपासलं तर मास्ट सेलची गाठ, म्हणजे कातडीचा कॅन्सर. म्हाताऱ्या कुत्र्याला 'वाट बघू' चालत नाही.

मोतीची आई, नेरुळ
काका, राणी आता बरी आहे ना? घोडबंदरकर, गोळ्या मी देणार नाही, पण तुमचा मुद्दा अगदीच सोडत नाही. काल पोळी चावताना एक तुरा दाताखाली आला, वाटीतल्या दुधात लाल रेघ उतरली. खाणं कमी झालं तर सरळ भूल देऊन काढून घेणार. ह्यांचं पायाच्या कुरुपाचं ॲसिड तेवढं कपाटात कुलूपबंद केलंय. सासूबाईंची नजर त्यावर गेली होती, आणि हा सगळं चाटतो.