कोळशाच्या रस्त्यालगतची हवा मोजताना आकडे उलटे का येतात?

वर्धाकाठ:
चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस परिसरात कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत आमची वस्ती आहे. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. गच्चीवर पापड-कुरड्यांचे वाळवण घालणे तर घरोघरी केव्हाच थांबले. तक्रार केली की आकडे मागितले जातात, म्हणून वर्गणी काढून हवेतले कण मोजणारी, लेझरवर चालणारी तीन स्वस्त यंत्रे घेतली. मात्र ट्रकांची रांग लागते तेव्हा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा फारसा हलत नाही आणि संध्याकाळी सातच्या सुमारास एकदम चढतो. यंत्रे सदोष असावीत का?

धूळपाटी:
यंत्रे बहुधा ठीक आहेत. कणांवर आपटून विखुरणाऱ्या प्रकाशावरून ती अंदाज बांधतात. धुरातले बारीक कण त्यांना नीट दिसतात, पण रस्त्यावरून उडणाऱ्या कोळशाच्या भुकटीतले जाडे कण बरेचसे निसटतात, त्यामुळे पडद्यावर पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) असे लिहिलेले असले तरी त्या आकड्यावर तक्रार उभी करू नये. संध्याकाळचा चढ तुमच्याच गल्लीतल्या सिगड्यांचा असू शकतो, आणि हे सांगणारा माणूस बैठकीत कोणालाच आवडत नाही, हा माझा अनुभव आहे. भुकटीसाठी जुनी पद्धत बरी: रुंद, मोजलेल्या तोंडाचे भांडे महिनाभर उघड्यावर ठेवावे, साचलेले गाळून वाळवावे आणि त्याचे वजन करावे.

निरभ्र:
आर्द्रतेचे भान ठेवावे. धुक्यात कण पाणी शोषून फुगतात आणि ही यंत्रे वाढीव आकडा दाखवतात. म्हणून तिन्ही यंत्रे आधी आठवडा-दोन आठवडे चंद्रपुरातल्या सरकारी मापन केंद्राशेजारी ठेवून फरक नोंदवावा. शिवाय २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादा २४ तासांच्या सरासरीच्या आहेत. क्षणिक उसळीचे छायाचित्र अधिकाऱ्यापुढे ठेवल्यास ते लगेच बाजूला सारले जाईल.

दक्षिणवारा:
तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या बादलीत बसवलेल्या पिशवीत हवा भरून ती प्रयोगशाळेत तपासून घेतली होती. ही युक्ती मुळात १९९५ मधली, कॅलिफोर्नियातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळच्या वस्त्यांची. बादली वायूंसाठी आहे, धुळीसाठी नाही. पण नमुना कोणी, कुठे, केव्हा घेतला आणि वारा कुठून होता, हे लिहून ठेवण्याची शिस्त तुम्हालाही लागेल.

वर्धाकाठ:
आभारी आहे. आज पाहिले तर एक यंत्र शेजारच्या घरातल्या सिगडीजवळच्या खिडकीच्या बरोबर वरच टांगलेले निघाले. उद्या ते शाळेच्या गच्चीवर हलवतो. भांडी मात्र कशाने झाकावीत? इथली वानरे गच्चीवर काहीही शिल्लक ठेवत नाहीत.

धूळपाटी:
झाकू नका, मोजमापच बिघडेल. भांडे लोखंडी कड्यात घट्ट बसवून कड्याला उभे अणकुचीदार खिळे लावा आणि जवळपास खाण्याचे काही ठेवू नका.