ऊन-पाऊस दोन्ही संघांना सारखाच, मग रडगाणं कशाला?

ऑफसाइड: हरलं की हवामान, जिंकलं की डावपेच! २०२५ च्या फुटबॉल क्लब वर्ल्ड कपमध्ये डॉर्टमुंड या जर्मन क्लबच्या बदली खेळाडूंनी पहिला हाफ उन्हाला टाळून ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिला. चेल्सी या इंग्लिश क्लबच्या एन्झो फर्नांडेझने उन्हाने चक्कर आल्याचं सांगितलं. डॉर्टमुंडने आपला तो सामना ४-३ ने जिंकला आणि चेल्सीने तर कपच नेला. ९० मिनिटं दोन्ही संघ एकाच मैदानावर असतात. ज्याची तयारी चांगली, तो जिंकतो.

बॉक्सटूबॉक्स: सपशेल असहमत. ऊन सारखं पडतं, सारखं बाधत नाही. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसताच ओघळतो. मग शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला हृदय जास्त ठोके मारतं. याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. थंडीतून थेट आलेला, वर प्रेसिंगवर (म्हणजे समोरच्यावर सतत धावून जाऊन चेंडू हिसकावण्यावर) जगणारा संघ पहिल्या अर्ध्या तासातच रिकामा होतो. यात तयारी कुठे आली?

आकडेमोड: जरा थांबा. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या सामन्यांचा अभ्यास झालाय. जास्त उष्ण सामन्यांत जोरकस धावणं आणि स्प्रिंट कमी झाले, पण सर्वाधिक वेग घटला नाही. उलट पास जास्त अचूक गेले. म्हणजे खेळाडू दम राखून खेळतात. याला कामगिरी घसरली म्हणायचं का?

बॉक्सटूबॉक्स: अंगावर कुणी धावूनच येत नसेल तर पास माझेही अचूक जातील हो!

लेफ्टबॅक: सगळे उन्हालाच धरून बसलेत. १९७४ चा वर्ल्ड कप, फ्रँकफर्ट, पश्चिम जर्मनी विरुद्ध पोलंड. अग्निशमन दलाने पाणी उपसलं, तरी चेंडू डबक्यात रुतून बसत होता. पोलंडची सगळी भिस्त लाटो आणि गाडोखाच्या वेगावर, आणि फायनल गाठायला त्यांना जिंकणं भाग होतं. जर्मनांना बरोबरीही चालणार होती. जर्मनीच्या म्युलरचा एक गोल, विषय संपला. पाऊस दोघांवर पडला, पण भिजलं कोण?

ऑफसाइड: मग १९५४ च्या वर्ल्ड कपची बर्नची फायनल घ्या. त्याच स्पर्धेत हंगेरीने जर्मनांना ८-३ धुतलं होतं. फायनलला पाऊस आला, जर्मनांनी बुटांच्या तळाला लांब स्टड (घसरू न देणारे खुंट) लावले आणि ३-२ जिंकले. हीच तयारी. माझा खरा राग कूलिंग ब्रेकवर आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये फोर्तालेझात मेक्सिको नेदरलँड्सविरुद्ध १-० पुढे होता. ब्रेकमध्ये नेदरलँड्सचा प्रशिक्षक व्हान खालने डाव बदलला, तसं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. ८८ व्या मिनिटाला स्नायडर, मग हुंटेलारची पेनल्टी, मेक्सिको घरी. हे पाणी प्यायला थांबणं नाही, फुकटचा टाइम-आउट आहे. आता २०२६ साठी फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक हाफमध्ये ३ मिनिटांचा ब्रेक ठरवलाय!

लेफ्टबॅक: ब्रेकबद्दल १०० टक्के सहमत. बाकी नाही.

बॉक्सटूबॉक्स: ब्रेक मेक्सिकोलाही मिळाला होता, त्यांना कुणी डाव बदलू नका म्हटलं होतं का? तुमचंच वाक्य, ज्याची तयारी चांगली तो जिंकतो. ब्रेक नको असेल तर सामने संध्याकाळी ठेवा. १९९४ च्या वर्ल्ड कपची फायनल अमेरिकेतल्या पासाडेनात भर दुपारी साडेबाराला सुरू केली, युरोपच्या टीव्हीसाठी. १२० मिनिटांत एकही गोल नाही.

ऑफसाइड: संध्याकाळचं चालेल. पण मग ब्रेक अजिबात नको, बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला तरी नको.