आयजीए नेफ्रोपॅथी: भावाची किडनी बिघडण्याचा ५ वर्षांचा रिस्क १९ टक्के आलाय, किती धरून चालायचं? सल्ला हवाय

लालबागची_ताई
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, कंपनीच्या मेडिकलमध्ये लघवीत प्रोटीन निघालं, बीपी १५०/९६, मग रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते) १.६ आलं म्हणून किडनीची बायोप्सी केली आणि रिपोर्टवर आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे आयजीए नावाचं प्रोटीन किडनीत साठून तिला सूज येते तो आजार, खाली एम१ ई० एस१ टी१ सी० असं काहीतरी. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन (बीपी आणि लघवीतलं प्रोटीन कमी करायची गोळी) चालू केली, मीठ कमी करा म्हणाले, बाहेर लाईन एवढी होती की विचारायला वेळच मिळाला नाही. रात्री भावाने मोबाईलवर ह्या आजाराचा धोका सांगणारा इंटरनॅशनल कॅल्क्युलेटर शोधून सगळं भरलं तर १९ टक्के आलं, आणि दुसरीकडे वाचलं की अर्ध्या पेशंटची किडनी ११ वर्षांत जाते. तेव्हापासून घरात कोणाशी धड बोलत नाही. मे महिन्यात लग्न ठरलंय, आता म्हणतो मुलीकडच्यांना नकार कळवा. आई रडतेय. प्लीज सांगा, हे आकडे कितपत खरे आणि मुंबईत सेकंड ओपिनियन कुठे घेऊ?

आकडेवाला_मुलुंड
ताई, मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलच्या डेटावर स्टॅटिस्टिक्सचं काम करतो, त्यामुळे फक्त आकड्यांचं सांगतो. तो कॅल्क्युलेटर खोटा नाही, २०१९ साली आला, वेगवेगळ्या देशांतल्या ३९२७ पेशंटच्या माहितीवर तो बनवला आणि तपासला. पण १९ टक्के म्हणजे काय ते नीट बघा. बायोप्सीच्या वेळी तुमच्या भावासारखे आकडे असलेली १०० माणसं घेतली तर साधारण १९ जणांची किडनी ५ वर्षांत एकतर फेल झाली किंवा तिचं काम निम्म्यावर आलं. निम्मं काम आणि डायलिसिस ह्यात खूप अंतर आहे, पण कॅल्क्युलेटर दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. उरलेले ८१ जण पण त्याच्यासारखेच होते हो.

आणखी एक, त्यात वंश विचारतात तिथे गोरे, चिनी, जपानी आणि 'इतर' एवढंच आहे, आपण सगळे इतरमध्ये. म्हणूनच वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने खास भारतीय पेशंटचा ग्रुप वर्षानुवर्षं फॉलो करायला घेतलाय. माझ्या मते आपल्याकडे ह्या आजारात सगळ्यात गरजेचं काम हेच आहे.

११ वर्षांवालं म्हणजे ब्रिटनच्या रॅडार रजिस्ट्रीचा (किडनीच्या दुर्मिळ आजारांच्या पेशंटची नोंदवही) २०२३ चा पेपर. २२९९ मोठी माणसं, १४० मुलं, निम्म्या जणांची किडनी ११.४ वर्षांपर्यंत टिकली, हे बरोबर आहे. पण त्या रजिस्ट्रीत घेतानाच दिवसाला अर्धा ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन जाणारे नाहीतर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ६० च्या खाली असलेलेच घेतले होते, म्हणजे सौम्य आजारवाले मोजलेच नाहीत. तुमचा भाऊ त्या गटात बसतो, ते लपवत नाही, आणि बायोप्सी रिपोर्टवरचं टी१ म्हणजे किडनीच्या पाव ते निम्म्या भागात व्रण धरलाय, ते पण गंभीरच. पण त्याच पेपरात हेही दिसतं की प्रोटीन जितकं कमी राहिलं तितकी किडनी जास्त टिकली. वय आपल्या हातात नाही, व्रण भरून येत नाही, प्रोटीन आणि बीपी मात्र खाली आणता येतं.

वहीवाला_परळ
ताई, मला हा आजार होऊन १२ वर्षं झाली, डायलिसिस नाही, नोकरी चालू आहे, दोन मुली आहेत. सगळ्यांचं असंच होईल असं म्हणत नाही, माझ्यासोबत ज्याची बायोप्सी झाली त्याचं ट्रान्सप्लांट झालंय.

एक विचारतो, प्रोटीन मोजायला २४ तासांची लघवी भावाने कशी जमवली होती? सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून सगळी कॅनमध्ये. मी तेव्हा चाळीत राहायचो, कॉमन संडास, कापडी पिशवीत कॅन घालून मान खाली घालून जायचो. लाजेपायी दोनदा कॅनविना गेलो आणि रिपोर्ट इतका छान आला की डॉक्टरांना शंका आली, त्याच लघवीतलं एकूण क्रिएटिनिन बघितलं तर फारच कमी, म्हणजे लघवी पूर्ण जमवलेलीच नाही, तिथे पकडला गेलो.

लालबागची_ताई
दादा तुमचं वाचून लगेच त्याला विचारलं. शनिवारी कामावर गेला होता, कॅन घरीच. दुपारभराची लघवी त्यात नाहीच!! रिपोर्टवर प्रोटीन १.४ ग्रॅम लिहिलंय. आता परत करून नवा आकडा त्यात भरू का?

आकडेवाला_मुलुंड
नको ताई. तो कॅल्क्युलेटर बायोप्सीच्या वेळचे आकडे मागतो, आता टेल्मिसार्टन चालू झालीय, त्यामुळे नवा आकडा त्यात बसणार नाही. खरं प्रोटीन जास्त असणार म्हणजे १९ हा आकडाच पक्का नाही, थोडा वर पण असेल. बायोप्सीनंतर १ किंवा २ वर्षांनी वापरायचं वेगळं व्हर्जन २०२२ मध्ये आलंय, ते तेव्हा भरा. तोवर तपासणी मात्र परत कराच, औषधाने काय फरक पडतोय ते त्यातूनच कळणार. आणि कुठलं औषध घेतलं तर किती फायदा होईल हे कॅल्क्युलेटर सांगत नाही, ते डॉक्टरांशीच बोला.

सिस्टर_सायन
किडनी वॉर्डात ड्युटी केलीय म्हणून लिहिते. केईएम, सायन, नायर ह्या तिन्ही हॉस्पिटलांत नेफ्रोलॉजी (किडनीचा विभाग) आहे, जिथे दर महिन्याला जाणं जमेल तिथे दाखवा, लांबचं मोठं नाव घेतलं की फॉलोअप सुटतो. नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाईड लॅबमधून मागून घ्या. विचारायचं एवढंच: प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणायला पुढची पायरी काय, स्टिरॉईड दिलं तर इन्फेक्शनची काळजी कशी घ्यायची, आणि सध्या नव्या औषधाची कुठली ट्रायल चालू आहे का. डोकं दुखलं म्हणून मेडिकलवाल्याकडून पेनकिलर अजिबात घेऊ नका.

आणि लग्नाचं, मुलीला न विचारता नकार का कळवताय? तिला ओपीडीत सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

लालबागची_ताई
रविवारी पूर्ण २४ तासांचं केलं, ह्यावेळी कॅन मीच मोरीजवळ ठेवला होता. २.१ ग्रॅम आलंय, गोळी चालू असताना. वाईट वाटलं, पण भाऊ स्वतःहून वही घेऊन बसला, तारीख, बीपी, प्रोटीन असे रकाने आखलेत. मुलीशी काल बोलला, ती म्हणाली मी ठाण्याहून सकाळची लोकल पकडून येते. सिस्टर, केस पेपरला किती लवकर पोचायचं?

सिस्टर_सायन
खिडकी उघडायच्या आधी लाईनीत उभं राहा. आणि पाण्याची बाटली, डबा घेऊनच या, वेळ लागतो.