पदवी आधी की टूर कार्ड आधी? अमेरिकी कॉलेजांतल्या गोल्फर मुली मध्येच सोडून जातात, त्याबद्दल

नऊ_नंबर_आयर्न (धागाकर्ता)

जुलै 2025 मध्ये इंग्लंडच्या लॉटी वोडने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातलं शेवटचं वर्ष सोडलं, ती व्यावसायिक झाली आणि पहिलीच स्पर्धा, विमेन्स स्कॉटिश ओपन, जिंकून मोकळी झाली. 2023 मध्ये रोझ झांगने स्टॅनफर्डची दोन वर्षं संपवून असंच केलं. मे महिन्यात सलग दुसरं वैयक्तिक एनसीएए (अमेरिकी कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) विजेतेपद, आणि 4 जूनला लिबर्टी नॅशनलवर मिझुहो अमेरिकाज ओपनचा चषक. पदार्पणातच एलपीजीए (अमेरिकेतली महिलांची मुख्य व्यावसायिक टूर) स्पर्धा जिंकणं 1951 च्या बेव्हर्ली हॅन्सननंतर कोणाला जमलं नव्हतं.

आता या दोघींची नावं घेऊन "कॉलेजात चार वर्षं घालवायचीच कशाला?" असं विचारलं जातं. माझं म्हणणं असं की या दोघी उदाहरणं नाहीत, अपवाद आहेत. झांगने कॉलेजच्या 20 पैकी 12 स्पर्धा जिंकल्या होत्या. वोडच्या तर हातात कार्ड, म्हणजे टूरचं सदस्यत्व, पडल्यावरच तिने कॉलेज सोडलं. हौशी खेळाडूंसाठी एलपीजीएची 'लीप' नावाची गुणांची योजना आहे. 20 गुण झाले की सदस्यत्व मिळतं. एव्हियाँ या मोठ्या स्पर्धेत संयुक्त तिसरी येऊन तिने ते पूर्ण केले आणि या वाटेने आलेली ती पहिली ठरली.

बाकीच्यांच्या वाट्याला क्वालिफायिंग, म्हणजे पात्रता स्पर्धा, येते. 2024 ची अंतिम फेरी डिसेंबरात, अलाबामात मोबीलला, 90 होलची होती आणि पहिल्या 25 व बरोबरीच्या खेळाडूंनाच कार्ड मिळालं. एक आठवडा पटिंग बिघडलं की वर्षभर दुय्यम टूरवर. म्हणून माझा नियम साधा: कार्ड हातात नसेल तर कॉलेज सोडू नये, आणि सोडायचंच तर मे महिन्यातल्या एनसीएएनंतर.

वाळूत_चेंडू

असहमत. कार्ड हातात येईपर्यंत थांबायचं तर माया स्टार्क आणि लिन ग्रांट अजून थांबल्याच असत्या. स्टार्क ओक्लाहोमा स्टेटमधून आणि ग्रांट अ‍ॅरिझोना स्टेटमधून, दोघी दोन वर्षांनी 2021 मध्ये बाहेर पडल्या. तेव्हा दोघींपैकी कोणाकडेही एलपीजीए कार्ड नव्हतं. दोघींनी महिलांची युरोपियन टूर धरली. ग्रांटने 2022 मध्ये स्कँडिनेव्हियन मिक्स्ड नऊ फटक्यांनी जिंकली, पुरुषांच्या डीपी वर्ल्ड टूरवर जिंकणारी पहिली महिला. स्टार्कने 2025 मध्ये एरिन हिल्सला यूएस विमेन्स ओपन घेतली. 24 लाख डॉलर! कॉलेजच्या उरलेल्या दोन वर्षांत हे शिकता आलं नसतं.

नऊ_नंबर_आयर्न

दोघी स्वीडनच्या, हे विसरू नका. घराजवळ टूर, महासंघाचं पाठबळ, ओळखीची मैदानं. टेक्सासमधल्या किंवा थायलंडमधल्या मुलीला "जा, युरोपात खेळ" म्हणणं सोपं नाही.

मागच्या_बाकावरून

थायलंडचं नाव निघालंच आहे तर पॅटी तवतनकित बघा. यूसीएलए विद्यापीठात दोन वर्षं, मग 2019 च्या उन्हाळ्यात सिमेट्रा टूरवर (आजची एप्सन, एलपीजीएची दुय्यम टूर) तीन विजय आणि 2020 साठी एलपीजीए कार्ड. त्याच वर्षी त्याच टूरवरून कार्ड मिळवणारी आणखी एक होती, आयर्लंडची लिओना मॅग्वायर. तिने ड्यूक विद्यापीठात चारही वर्षं काढली, कॉलेजातल्या सर्वोत्तम गोल्फरचा अ‍ॅनिका पुरस्कार दोनदा घेतला, 2018 मध्ये पदवी घेतली आणि मग व्यावसायिक झाली.

म्हणजे दार एकच, मोसम एकच. फक्त एक विशीत आणि दुसरी पंचविशीत. तवतनकित 2021 मध्ये एएनए इन्स्पिरेशन ही मोठी स्पर्धा जिंकली. मॅग्वायरने त्याच वर्षी सोलहाइम चषकात (युरोप विरुद्ध अमेरिका) पाचपैकी साडेचार गुण मिळवले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये पहिली एलपीजीए स्पर्धा जिंकली. कोण चुकलं? मला तरी ठरवता येत नाही. पण पाच वर्षं आधी पोचण्याची किंमत शून्य नाही, हे धागाकर्त्यांनी मान्य करावं.

चौथा_स्कोअर

सगळे खेळाडूबद्दल बोलताय, संघाचं काय? एनसीएएत पाच जणी खेळतात आणि चौघींचे स्कोअर धरतात. डिसेंबरात एक गेली की प्रशिक्षकाला वसंताच्या मोसमासाठी भरवशाची पाचवी कुठून आणायची हा प्रश्न पडतो, कारण मोठ्या कॉलेजांची भरती त्याआधीच झालेली असते. राष्ट्रीय स्पर्धेत पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये जातात. तिथे पाचही सामने मोजले जातात, टाकून द्यायला पाचवा स्कोअर नसतो.

2018 च्या क्वालिफायिंगला पाइनहर्स्टवर आठ फेऱ्या होत्या. त्यातून अलाबामा विद्यापीठाच्या क्रिस्टन गिलमन आणि लॉरेन स्टीफन्सन कार्ड घेऊन मोसमाच्या मध्यावर निघून गेल्या. जेनिफर कुपचो आणि मारिया फासी यांनी मात्र त्या वर्षीच्या नव्या सवलतीचा फायदा घेऊन सदस्यत्व पुढे ढकललं आणि कॉलेजचा मोसम पुरा केला. 2019 च्या वसंतात कुपचोने पहिली ऑगस्टा नॅशनल विमेन्स अमॅच्युअर जिंकली, फासीने एनसीएए. दोघींचं काहीही बिघडलं नाही.

वाळूत_चेंडू

आणि झांग गेल्यावर पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, स्टॅनफर्डने संघ विजेतेपद घेतलंच की! संघाचं एवढं अडत नाही. (स्टॅनफर्डचा पाचवा खेळाडूही इतरांचा पहिला असतो, हे खरं.)

परराष्ट्र_खातं

कोणी बोलत नाही तो मुद्दा: पैसा आणि व्हिसा. जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना नाव व छबीचे (जाहिरातीचे) करार करता येतात आणि 2022 पासून हौशी नियमही सैल झाले. झांगचा आदिदासशी करार ती विद्यार्थिनी असतानाच झाला. म्हणजे अमेरिकी मुलीला केवळ पैशासाठी कॉलेज सोडायची गरज उरलेली नाही.

पण कॉलेज गोल्फमधल्या किती मुली परदेशी आहेत ते बघा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत असं काम करून पैसे घेणं म्हणजे नियमभंगाचा धोका. त्या करार करतात ते बहुधा मायदेशी असताना, वकिलाला विचारून. वर बक्षिसाचा प्रश्न. हौशी खेळाडूला व्यावसायिक स्पर्धेतली मोठी रक्कम घेता येत नाही. वोडने त्याच जुलैत, व्यावसायिक होण्याआधी, आयरिश ओपन जिंकली, पण हौशी असल्यामुळे पैसे सोडून द्यावे लागले. अशा मुलीला "अजून एक वर्ष थांब" सांगणारा त्या वर्षाचा हिशोब भरणार आहे का?

आणि सोडल्यावर विद्यार्थी व्हिसा संपतो. खेळाडूंचा पी-1 व्हिसा लागतो, त्याचे कागद महिनोन्‌महिने आधी सुरू करावे लागतात. मे महिन्यात निर्णय आणि जूनमध्ये टी-ऑफ, असं परदेशी मुलीला गृहीत धरता येत नाही.

हिरवळ_वाचक

पहिल्या वर्षी नक्की कुठे फसतं? कॉलेजची स्पर्धा सहसा 54 होलची, बऱ्याचदा एकाच दिवशी 36. प्रशिक्षक मैदानावर सोबत चालून सल्ला देतो, प्रवास आणि हॉटेल कॉलेज बघतं. एलपीजीएवर चार दिवस, दोन फेऱ्यांनंतर पहिल्या 65 व बरोबरीच्या राहतात, बाकीच्या घरी. बहुतेक ठिकाणी कट चुकला की एक पैसा नाही, पण कॅडीचा (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचा) आठवड्याचा मेहनताना, विमान आणि हॉटेल ठरलेलंच. शिवाय कॅडीला बक्षिसाचा हिस्सा: रूढीप्रमाणे साधारण 5 टक्के, पहिल्या दहात आल्यास 7, जिंकल्यास 10.

खेळातला फरक वेगळा. कॉलेजात एखादी 78 चौघींच्या स्कोअरमधून गळून जाते. इथे ती शुक्रवारचं परतीचं तिकीट असते. मैदानं लांब, ग्रीन कडक, झेंडे कडेला. त्यामुळे ज्या मुली लांब आयर्न उंच मारून चेंडू थांबवू शकत नाहीत त्या 72-73 वर अडकतात. पाच-सहा कट ओळीने चुकले की बऱ्याच जणी स्विंग बदलतात, आणि खरी घसरण तिथून सुरू होते. म्हणून मी विचारेन: गेल्या वर्षभरातली सरासरी किती? आणि ती कोणत्या लांबीच्या मैदानावर?

मागच्या_बाकावरून

शिक्षण आणि टूर एकत्र होऊ शकतं, तेही सांगू द्या. मिशेल वी 2005 मध्येच व्यावसायिक झाली होती, त्यामुळे स्टॅनफर्डच्या संघात तिला जागा नव्हती. पण तिने 2007 ते 2012 तिथे शिकून पदवी घेतली आणि त्याच काळात दोन एलपीजीए स्पर्धा जिंकल्या. झांगही व्यावसायिक झाल्यावर हिवाळी सत्रात वर्गात बसत राहिली. हे जमतं कारण स्टॅनफर्डचं सत्र सुमारे दहा आठवड्यांचं आहे. जानेवारी ते मार्च शिकायचं, मोसमाच्या सुरुवातीच्या काही स्पर्धा सोडायच्या. सहामाही पद्धतीच्या विद्यापीठात जानेवारीत सुरू केलं की मे पर्यंत अडकलात.

चौथा_स्कोअर

आणि आपली अदिती अशोक? कॉलेजलाच गेली नाही. डिसेंबर 2015 मध्ये सतराव्या वर्षी युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा जिंकली, टोकियोत चौथी आली.

नऊ_नंबर_आयर्न

अदितीचा प्रश्नच वेगळा, तिने काही सोडलं नव्हतं. पण परदेशी मुलींच्या पैशाचा आणि व्हिसाचा मुद्दा माझ्या नियमात बसत नाही, हे मान्य. तेवढी दुरुस्ती करतो: कार्ड हातात नसेल तर निदान युरोपची किंवा एप्सनची जागा पक्की आणि एका वर्षाचा खर्च बाजूला काढलेला असावा. डिसेंबरात संघ सोडण्याला मात्र माझा विरोध कायम.

परराष्ट्र_खातं

डिसेंबरात विरोध असेल तर क्वालिफायिंगची तारीख बदलायला सांगा. मुली त्या तारखा ठरवत नाहीत.