फोम टँकचं प्रेशर टिकत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, पाथर्डी फाट्याजवळ आपलं गाड्या धुण्याचं छोटं वॉशिंग सेंटर आहे. फोम टँकचा (शाम्पूचं पाणी भरून हवेच्या प्रेशरने फेस मारायची टाकी) गेज ४ बार दाखवतो पण गन दाबली की सुरुवातीला मस्त घट्ट फेस आणि मग काटा धाडकन २ च्या खाली, फेस पाणचट होऊन दारावरून सरळ ओघळतो. हवा वाढवली तर गन नुसती फुसफुसते, शाम्पू येतच नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत प्रेशर भरपूर आहे, जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठे बुडबुडे नाहीत, गनची जाळी पण साफ केली. मेकॅनिक म्हणतो नवीन टँकच घ्या (त्याचं काय जातंय!). मला डाऊट रेग्युलेटरवर (टँकमध्ये जाणाऱ्या हवेचं प्रेशर सेट करतो तो) आहे, आतून चोक असेल, का नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (उलटं जाऊ न देणारा) गेला? बोअरचं पाणी जड आहे, टँकमधल्या पाईपात क्षार धरला असेल का? आधी काय खोलू?