मदत हवी आहे: केळीच्या ठशांचा रंग फुटतो, काय करावं?

जळगावच्या एका कलादालनात चित्रप्रदर्शनासोबत पालक आणि मुलांसाठी छापकाम ठेवतोय. ठसे केळीचेच, कारण रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर खांब आणि पानं सहज मिळतात. पानाचा दांडा आडवा कापला की चंद्रकोरीत जाळी उमटते. बटाटा कितीही कोरला तरी इतकी नाजूक नक्षी येत नाही.

अडचण पाण्याची आहे. ताजा काप दाबला की त्यातलं पाणी पोस्टर कलरमध्ये उतरतं, रंग पातळ होतो आणि जाळीची घरं बुजतात. काप वर्तमानपत्रावर अर्धा तास उपडा ठेवला आणि रंग ब्रशऐवजी स्पंजवरून घेतला, तर सुरुवातीचे छापे स्वच्छ येतात. मग कडा मऊ पडतात, दांड्यावर थोडं मागे नवा काप घ्यावा लागतो. चिकाचा तपकिरी डाग कपड्यावरून जात नाही, त्यामुळे ॲप्रन हवेतच.

रंग घट्ट करायला मैद्याची खळ बरी की फॅब्रिक बाइंडर (कापडावरच्या रंगात मिसळतात तो चिकट द्रव)? खळीचे छापे भिंतीवर महिनाभर राहिले तर किडे-मुंग्या लागतात का? आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कागद वळतो, तर २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाड कागद पुरेल का? केलेलं असेल त्यांनी प्रमाणासकट सांगा.