मदत हवी आहे: डबाबंद, हवाबंद की सरळ 'टिनमधलं'?

नमस्कार मंडळी,

एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय टिनमधले खाद्यपदार्थ, वाचक घरगुती गिऱ्हाईक. पहिल्याच ओळीला अडलेय.

आधी 'हवाबंद अन्न' लिहिलं आणि कागद सासूबाईंना दाखवला. त्या चकल्या तळत होत्या. झारा हातात तसाच धरून म्हणाल्या, "अगं, या पण मी हवाबंद डब्यातच भरणार. टिकतील का वर्षभर?" बिनतोड! टिनमधला पदार्थ नुसती हवा कोंडून टिकत नाही; डबा सील करून मग तापवतात, म्हणून टिकतो. मटार, मका अशा आंबट नसलेल्या पदार्थांना तर दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सियसची उष्णता लागते. कारण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू हवा नसते तिथेच वाढतो. पत्रकात पुढे 'फुगलेला डबा वापरू नका' अशी सूचना आहे, तिच्याआधी 'हवाबंद म्हणजे सुरक्षित' असा समज मला करून द्यायचा नाहीये.

'डबाबंद' पेपरात दिसतो, पण मला त्यात हिंदी 'डिब्बाबंद'चा वास येतो. शिवाय पुण्यात डबा म्हणजे मेसचा. 'रोज डबाबंद जेवण टाळा' हे कोथरूडला पीजीत राहणाऱ्या भाच्याला वाचून दाखवलं, तर म्हणे, "मावशी, मग जेवू कुठे?"

घरात आपण 'आमरसाचा टिन', 'रसगुल्ल्यांचा टिन' म्हणतो. खरं तर टिन म्हणजे कथील, आणि हा डबा पोलादी पत्र्याचा, वर कथलाचा पातळ थर. कल्हईच म्हणा ना! पण पत्रकात काचेच्या बरण्याही आहेत, त्यांना टिन कसं म्हणू? (या प्रकाराची सुरुवातही बाटल्यांतूनच झाली. फ्रान्समध्ये अपेर नावाचा मिठाईवाला पदार्थ काचेत भरायचा. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये ड्युरंड नावाच्या व्यापाऱ्यानं १८१० साली घेतलं.)

तर 'डबाबंद' वाचून तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आणि दोन्हींना चालेल असा शब्द आहे का? शुक्रवारी मजकूर छपाईला जातोय.

प्रतिसाद: एकच शब्द कशाला हवा? शीर्षकात 'डबाबंद पदार्थ' घाला, आत जिथे जे असेल तिथे 'टिनमधले', 'बरणीतले'. 'हवाबंद' मात्र काढाच. आणि 'जेवण' नको, 'पदार्थ' लिहा, म्हणजे मेसवाले सुटले.

धागाकर्ती: 'पदार्थ'! हे सुचलंच नव्हतं. आता टिन ओपनरला कुणी 'डबाफोडणी' सुचवू नका म्हणजे झालं.